रायफलला अजून काय जोडायचं?

बीजीएमआय खेळलेल्या कोणालाही एम४१६ची ओळख करून द्यावी लागत नाही. या बंदुकीला पाच जागा असतात. नळीच्या तोंडाशी कॉम्पेन्सेटर, खाली ग्रिप, मग मॅगझिन, मागे स्टॉक आणि वर स्कोप. पाचही जागा भरल्या की तीच बंदूक एकदम शहाण्यासारखी वागायला लागते. गेममधला हिशेब सरळ आहे. भाग सापडला, लावला, नेम सुधारला. या हिशेबात बंदूक धरणाऱ्याचं शरीर कुठेच येत नाही. त्याची मान आखडत नाही, पाय भरून येत नाहीत, रात्री झोप झाली नाही म्हणून नळी हलत नाही.

मी एअर रायफल शिकवते. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शाळेच्या जुन्या सभागृहात आमची आठ लेनची रेंज आहे. सहा रायफली आणि पस्तीसेक मुलं. मुख्य प्रशिक्षक असलेले सर आठवड्यातून दोनदा येतात, बाकीचे दिवस मी असते. नवीन मुलं पहिल्या आठवड्यात रायफल धरायची कशी ते विचारतात आणि दुसऱ्या आठवड्यात तिला काय काय लावता येतं ते. तोवर त्यांच्या फोनमध्ये जर्मन कंपन्यांची पानं उघडलेली असतात. निळ्या-लाल ॲल्युमिनियमची बट प्लेट, रंगीत फिल्टरवाला आयरिस, नळीवर सरकवायची वजनं. मग प्रश्न येतो, "ताई, हे लावलं तर किती पॉइंट वाढतील?"

हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. तो विचारणाऱ्या मुलाच्या मागे बहुतेक वेळा नोटा मोजून खर्च करणारं घर असतं. सामन्याच्या दर्जाची एअर रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते. ती घेणं आमच्याकडे फार थोड्यांना जमतं. मग जमण्यासारखं काय वाटतं, तर सुटे भाग. पाच हजार, आठ हजार, पंधरा हजार. रायफल क्लबची असली तरी भाग आपला. आपणही आपल्या लेकरासाठी काहीतरी केलं, याचं समाधान त्या छोट्या खोक्यात मिळतं. म्हणून उत्तर देताना मला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, मुलाचा खेळ आणि त्याच्या घरचा महिना.

आधी खेळाचं माप सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

लक्ष्य दहा मीटरवर असतं. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. लक्ष्याच्या मधोमध दहाचा जो ठिपका असतो, त्याचा व्यास ०.५ मिलिमीटर. अख्खं लक्ष्य ४५.५ मिलिमीटरचं, म्हणजे तळहातात मावेल एवढं. मध्यापासून अडीच मिलिमीटर बाहेर सरकलात की एक गुण गेला. आता गुण दशांशात मोजतात आणि एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ मिळतात. म्हणजे एक दशांश गुण हा पाव मिलिमीटरचा खेळ आहे. असे साठ शॉट, सव्वा तासात, उभ्याने.

रायफलच्या मागच्या बाजूला, डोळ्याजवळ एक बारीक छिद्र असतं. पुढे नळीच्या टोकाशी एक रिंग असते. छिद्रातून रिंग बघायची आणि रिंगेच्या मध्यात लक्ष्याचा काळा गोल बसवायचा. छिद्र आणि रिंग यांच्यात साधारण पाऊण मीटरचं अंतर असतं. पुढचं टोक ०.१ मिलिमीटर हललं, तर दहा मीटरवर तो फरक १.३ मिलिमीटर होतो. अर्धा गुण गेला. ०.१ मिलिमीटर म्हणजे साधारण एका जाड केसाएवढं अंतर.

आणि नियम असा, की रायफलवर भिंग किंवा दुर्बीण बसवता येत नाही. चष्मा तुम्ही घालू शकता, रायफलला घालता येत नाही. सगळे भाग धरून रायफलचं वजन ५.५ किलोच्या वर जाता कामा नये. सामन्याआधी वजन आणि मापं तपासली जातात, जॅकेटच्या कापडाची जाडीसुद्धा मोजतात. गेममधल्या स्कोपसारखं, लांबचं जवळ आणून देणारं काहीही इथे नाही. मग बाजारात एवढे भाग कशासाठी मिळतात?

याचं उत्तर मला रेंजवर मिळालं नाही, घरी मिळालं. माझे आप्पा गवंडी आहेत. त्यांच्या पिशवीत हत्यारं मोजकी. थापी, करणी, रंधा, गुण्या, लेव्हलची नळी आणि ओळंबा. मी एनसीसीतून रायफल शूटिंगकडे वळले तेव्हा ते एकदा सामना बघायला आले होते. एका खेळाडूची अवजारांची पेटी बघून त्यांनी विचारलं, "एवढ्या सामानातलं मापाचं किती आणि दिखाव्याचं किती?" मग स्वतःच म्हणाले, "ओळंबा भिंत सरळ करत न्हाई. वाकडी कुठं झाली तेवढं सांगतो. सरळ आपल्यालाच करायची."

तेव्हापासून मी रायफलच्या सुट्या भागांचे तीन ढीग करते. पहिला, शरीराशी जुळवून देणारे. दुसरा, खरं सांगणारे. तिसरा, झाकणारे.

पहिल्या ढिगात सगळ्यात जास्त काम आहे. उभ्याने नेम धरताना रायफल हाताच्या ताकदीने उचलून धरायची नसते. डावं कोपर बरगडीवर किंवा कंबरेच्या हाडावर टेकवायचं आणि वजन हाडांवरून सरळ पायात उतरू द्यायचं. स्नायू थकतात आणि थरथरतात, हाडं थरथरत नाहीत. हे जमायचं तर रायफल तुमच्या हाडांच्या मापाची हवी. खांद्याला टेकणारी बट प्लेट वर-खाली, मागे-पुढे सरकते, ती त्यासाठी. गाल टेकवायचा चीकपीस वर-खाली होतो, तो डोळा आपसूक छिद्रामागे यावा म्हणून. हाताखालचा रायझर हात आखूड असेल तर ती उणीव भरून काढतो. साइटखाली बसवायचे ठोकळे लांब मानेच्या माणसासाठी. यातला एकही भाग नेम सुधारत नाही. तो फक्त तुमच्या शरीराला वाकडं व्हायला लावत नाही.

५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात हे उघड दिसतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला याच प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेतलं. त्यात एकच माणूस एकाच रायफलने आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून, मग उभं राहून नेम धरतो. तीन वेळा शरीराचा आकार बदलतो, म्हणून रायफलचाही बदलावा लागतो. बट प्लेट सरकते, चीकपीस सरकतो. बसून आणि झोपून खेळताना दंडाला पट्टा आणि हाताला टेकू देणारा हँडस्टॉप लागतो, उभ्याने खेळताना पट्टा चालत नाही. तिथे हे भाग म्हणजे चैन नव्हे. दहा मीटरला मात्र शरीर एकाच अवस्थेत उभं असतं. माप एकदा नीट बसलं की पाना पेटीत ठेवून द्यायचा.

दुसरा ढीग खरं सांगणाऱ्यांचा. यात पाण्याचा बुडबुडा असलेली छोटी लेव्हल येते, पुढच्या साइटवर बसवायची. तिचं काम समजून घेण्यासारखं आहे. छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने निघतो. दहा मीटर जायला त्याला सेकंदाचा सुमारे सतरावा भाग लागतो आणि तेवढ्या वेळात तो दीड सेंटिमीटरहून थोडा जास्त खाली येतो. तेवढी भरपाई साइट आधीच करून ठेवते. पण रायफल एका बाजूला कलली की भरपाईसुद्धा कलते. एक अंश कल म्हणजे लक्ष्यावर जवळपास ०.३ मिलिमीटर, एका दशांशाहून थोडं जास्त. पाच अंश कल म्हणजे अर्ध्या गुणाच्या वर. गंमत अशी, की प्रत्येक शॉटला तेवढाच कल असेल तर काही बिघडत नाही, साइटचे दोन क्लिक फिरवून तो भागतो. बिघडतं ते पहिल्या शॉटला दोन अंश आणि चाळिसाव्याला पाच अंश झाले तर. हे स्वतःला कळत नाही. बुडबुड्याला कळतं.

पण हेच फुकटातही कळतं. आमच्या रेंजवर शेवटच्या लेनमागे छतापासून आप्पांचा एक जुना ओळंबा टांगलेला आहे. मुलगा नेम धरतो, मागून दुसरा फोनवर फोटो काढतो, आणि फोटोत दोरा व रायफल शेजारी शेजारी दिसतात. पहिल्या शॉटचा फोटो, तिसाव्याचा, साठाव्याचा. तीन फोटो बघितले की बोलायची गरज उरत नाही. ज्याचा कल फार बदलतो त्याने लेव्हल घ्यावी. ज्याचा बदलत नाही त्याला ती घेऊन काय सांगणार?

याच ढिगात वही येते. रायफलवरच्या प्रत्येक पट्टीवर आकडे असतात. बट प्लेट किती, चीकपीस किती, लांबी किती. ते लिहायचे. प्रत्येक दहा शॉटच्या सिरीजचे गुण लिहायचे आणि समोर एक ओळ, नेमकं काय जाणवलं. छर्रे एका बाजूला गठ्ठ्याने पडत असतील तर साइट फिरवा, दोन मिनिटांत काम होतं. चहूकडे विखुरले असतील तर कुठलाच स्क्रू ते गोळा करणार नाही, शरीरात शोधा. हा फरक न कळता केलेली खरेदी म्हणजे ताप आहे की पोटदुखी ते न बघता औषध घेणं.

तिसरा ढीग झाकणाऱ्यांचा. यात मी नळीवरची वजनं ठेवते, पण एका अटीवर. वजन पुढे वाढवलं की रायफल सावकाश हलते. नळीचं टोक जड, म्हणून थरथर कमी दिसते. कमावलेल्या शरीराच्या, रोज तीन तास उभं राहणाऱ्या खेळाडूला याचा खरा उपयोग आहे आणि मोठे खेळाडू तो करतात. पण अडतीस किलोच्या मुलीच्या हातात आधीच साडेचार किलोच्या आसपासची रायफल आहे. तिला वर तीनशे ग्रॅम दिले तर पहिले वीस शॉट छान जातात, सगळे टाळ्या वाजवतात आणि पुढचे चाळीस तिची कंबर मोजते. दुखणं झाकलं गेलं, गेलं नाही.

आयरिसचं थोडं वेगळं. मागच्या छिद्राचा आकार लहान-मोठा करणारा तो भाग. उघड्यावर, ५० मीटरला, ढग आले-गेले की प्रकाश बदलतो, तिथे तो सोन्याचा. आमच्या सभागृहात मात्र ट्यूबलाइट जूनमध्येही तेवढीच आणि डिसेंबरमध्येही तेवढीच. ठरलेल्या मापाचं छिद्र तिथे वर्षानुवर्षं चालतं. दुसरा डोळा मिटावा लागू नये म्हणून जी पट्टी लावतात, ती तर जुन्या प्लॅस्टिक फाइलची कापून होते. आमच्या सगळ्या रायफलींवर तीच आहे.

मागच्या पावसाळ्यात एका मुलीचे वडील माझ्याकडे आले. ते वडापची जीप चालवतात. मुलगी नववीत, दोन वर्षं नियमित येणारी, राज्य स्पर्धेसाठी तयारी करणारी. त्यांच्या खिशात घडी केलेला कागद होता, मुलीच्या अक्षरातला. आयरिस, पुढची कमी-जास्त होणारी रिंग, वजनांचा सेट, नवी बट प्लेट. खाली बेरीज, चाळीस हजारांच्या थोडी वर. "मॅडम, भिशी उचलली आहे," ते म्हणाले. "एवढं घेतलं तर राज्याला नंबर लागंल का, तेवढं सांगा. न्हाईतर जीपचे टायर बदलायचेत, ते थांबलेत."

या प्रश्नात एक अडचण असते, ती वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. सल्ला देणाऱ्याचा त्यात काही वाटा असू शकतो. त्याच सुमाराला एका विक्रेत्याने मला फोन करून सांगितलं होतं, की मुलांना त्याच्याकडे पाठवलं तर प्रत्येक खरेदीमागे मला काही टक्के मिळतील. मी नको म्हटलं. पण असे फोन मला एकटीलाच येत असतील असं मला वाटत नाही. कोणी एखादा भाग घ्यायला सांगत असेल, तर दोन प्रश्न सरळ विचारा. माझ्या शरीरातली किंवा नेमातली कोणती अडचण यामुळे दूर होईल? आणि ती अडचण आहे हे तुम्हाला कशावरून कळलं? उत्तर देता आलं नाही तर खिसा बंद.

मी त्या वडिलांना पंधरा दिवस मागितले आणि मुलीची वही घेऊन बसले. दोन महिन्यांचे आकडे एकच गोष्ट सांगत होते. पहिल्या चार सिरीज १०१च्या आसपास आणि शेवटच्या दोन ९८च्या खाली. म्हणजे ही मुलगी चाळीस शॉटपर्यंत चांगली होती आणि पुढे कोणी दुसरीच खेळत होती. समोरच्या ओळींत तिने स्वतःच लिहिलं होतं, "मान भरली", "मान", "डोळ्यात पाणी". मग बाजूने फोटो काढले. तिची मान लांब आहे. छिद्रापर्यंत डोळा न्यायला ती डोकं पुढे आणि खाली घालत होती, आणि भुवईखालून वर बघितल्यासारखी बघत होती. सव्वा तास असं उभं राहून बघा.

आधी फुकटचे उपाय केले. बट प्लेट खाली सरकवली की रायफल खांद्यावर वर बसते, साइट डोळ्याजवळ येते. ती पट्टी संपेपर्यंत सरकवली. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. नुसता चीकपीस उंच करून भागत नाही, कारण मग डोळा छिद्राच्या वर निघून जातो. उरला एकच मार्ग, पुढची आणि मागची दोन्ही साइट सारखीच उंच करायची. म्हणजे तिच्या कागदावर नसलेला एकच भाग तिला हवा होता, साइटखालचे ठोकळे.

तेही लगेच घेतले नाहीत. सरांनी ओळखीच्या क्लबमधून एक जुना सेट उसना आणला. पहिल्या आठवड्यात तिचे गुण पडले. साहजिक होतं, गालाची जागा बदलली, साइटचे क्लिक बदलले, डोकं सरळ ठेवायची सवय नवी होती. मुलगी रडवेली झाली. पण वहीतून "मान" हा शब्द गायब झाला होता. तिसऱ्या आठवड्यात शेवटच्या दोन सिरीज शंभराच्या पुढे आल्या. पहिल्या चार होत्या तेवढ्याच राहिल्या. हे महत्त्वाचं आहे. ठोकळ्यांनी तिला नवा नेम दिला नाही. चाळिसाव्या शॉटला हरवणारा तिचाच नेम साठाव्यापर्यंत टिकू दिला.

मग ठोकळे विकत घेतले, काही हजारांत काम झालं. उरलेल्या पैशांत एक वापरलेलं जॅकेट घेतलं, कॉलेजला गेलेल्या एका ताईचं, तिच्याच अंगलटीचं. शूटिंगचं जॅकेट जाड कॅनव्हास आणि चामड्याचं असतं, ते पाठीला आधार देतं. पण मापाचं असेल तरच. क्लबचं ढगळ जॅकेट तिला आधार द्यायच्या ऐवजी तिच्या अंगावर टांगलेलं असायचं. गावातल्या चप्पल शिवणाऱ्या काकांनी बटणं दोन बोटं सरकवून दिली. एवढं करून भिशीतले निम्म्याहून जास्त पैसे शिल्लक राहिले. जीपला नवे टायर बसले. तिचे वडील नंतर म्हणाले, "पोरीचा खर्च टायरपेक्षा कमी निघाला की!"

खरा अडथळा मात्र त्यानंतर समोर आला, आणि तो कुठल्याच दुकानात मिळणाऱ्या भागाने सुटणारा नव्हता. सहा रायफली, पस्तीस मुलं. एक रायफल दिवसात सहा जणांच्या खांद्यावर जाते. प्रत्येक जण बट प्लेट हलवतो, चीकपीस हलवतो, साइट फिरवतो. मुलीचे ठोकळे काढायचे, परत लावायचे, दर वेळी सायटिंग नव्याने. ज्याच्या घरी स्वतःची रायफल आहे, त्याच्यात आणि तिच्यात फरक सुट्या भागांचा नव्हताच. फरक हा होता, की त्याची रायफल काल जशी ठेवली तशीच आज भेटते.

म्हणून आम्ही वेळापत्रक मोडलं. आधी गट इयत्तेप्रमाणे होते, आता अंगाच्या मापाप्रमाणे केले. उंची, हाताची लांबी, मान, खांदा सारखे असलेल्या मुलांना एक रायफल. प्रत्येकाच्या मापाची खूण पट्टीवर वेगळ्या रंगाच्या नेलपॉलिशने केली. ठोकळेवाली रायफल त्या मुलीला आणि अकरावीतल्या एका उंच मुलाला दिली, दोघांच्या मापात फक्त चीकपीस दोन रेघांनी बदलतो. काही पालकांनी तक्रार केली, की एक रायफल दोघांतच का, बाकीच्यांवर अन्याय होतो. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मग त्या दोघांचे तास कमी केले आणि दर शनिवारी ती रायफल लहान मुलांच्या ड्राय सरावासाठी सोडली, छर्रा न भरता फक्त धरायला आणि ट्रिगर दाबायला. त्यासाठी साइटची गरज नसते, भिंतीवरची पांढरी जागा पुरते. सगळे खूश झाले असं नाही. पण सायटिंगमध्ये वाया जाणारे छर्रे आणि वेळ दोन्ही वाचायला लागले.

सुट्या भागांची आणखी एक बाजू आहे. जेवढे भाग जास्त, तेवढे स्क्रू जास्त, आणि तेवढं सैल व्हायला किंवा तुटायला जास्त. अभिनव बिंद्रा हा तपशिलांच्या बाबतीत अत्यंत काटेकोर खेळाडू. बीजिंगला २००८ साली त्याने शेवटचा शॉट १०.८ मारून सुवर्णपदक घेतलं. २०१६ साली रिओला स्पर्धेच्या दिवशीच त्याच्या रायफलची साइट पडून तुटली. सोबतच्या दुसऱ्या साइटवर तो खेळला आणि चौथा आला. पदक एका स्थानाने हुकलं. त्या साइटमुळेच हुकलं असं कोणी म्हणू नये, तेही तितकंच खोटं ठरेल. पण माझ्या मुलांना मी सांगते, की नवा भाग घेण्याआधी आहे त्याचे स्क्रू रोज तपासायची सवय घ्या. चार रुपयांच्या ॲलन कीने जो दहावा भाग सैल झालेला कळतो, तो आठ हजारांच्या अकराव्या भागाने भरून निघत नाही.

मग घ्यावं की नाही? घ्यावं. "सगळं हातात असतं, हत्यारात काही नसतं" असं म्हणणारी माणसं मला पटत नाहीत. बहुधा त्यांच्या मापाचं हत्यार त्यांना आधीच मिळालेलं असतं. लांब मानेच्या मुलीला "मन एकाग्र कर" असं वर्षभर सांगणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिच्या मनात काही नव्हतं, मानेत होतं. आप्पांनाही ओळंब्याशिवाय भिंत बांधायला सांगून बघा, ते सिमेंटची पाटी खाली ठेवतील.

फक्त क्रम चुकवू नका. आधी वही. मग बाजूने आणि मागून फोटो. मग रायफलवर जे आहे ते पट्टी संपेपर्यंत सरकवून बघणं. तरीही अडलं, तर जिथे अडलं नेमका तेवढाच भाग, आधी उसना, निदान तीन आठवडे. त्यानंतर पैसे. आणि भाग लावल्यावर पहिल्या आठवड्याच्या गुणांवर विश्वास ठेवू नका, चढले तरी आणि पडले तरी.

ती मुलगी यंदा दहावीत गेली. राज्य स्पर्धेत तिचा नंबर आला नाही, पण साठही शॉट तिने स्वतःच खेळले, आधीच्या सामन्यातल्यासारखे चाळीस नव्हे. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर आता नवा तक्ता आहे, दर तीन महिन्यांनी घ्यायच्या मापांचा. उंची, खांदा, हात, मान. ती अजून वाढते आहे. दिवाळीनंतर ठोकळ्यांची उंची परत मोजायची आहे.